एकनळी बारा बोअर : पाचपैकी साडेतीन

साडेतीनच का, ते पुढे येईल. आधी तीन गोष्टी कबूल करते. बंदूक नवी नाही. ती मी विकत घेतलेली नाही. आणि आजवर एकाही जनावरावर मी ती चालवलेली नाही. तरी सहा वर्षं ती माझ्या परवान्यावर आहे, दर पावसाळ्याआधी तिला तेल मीच घालते आणि दोनदा दुरुस्तीला नेऊन आणली आहे. तेव्हा तिच्याबद्दल बोलायचा थोडाफार हक्क मला आहे, असं समजून लिहिते.

माल असा : बिहारमधल्या मुंगेरची बनावट, १२ बोअर, एकच नळी, बाहेर दिसणारा घोडा, बिजागरीवर मोडून मागून काडतूस भरायची. सरकारी कागदात एसबीबीएल (सिंगल बॅरल ब्रीच लोडिंग), आमच्या काटोलकडे नुसती एकनळी. बाबांनी १९७४ साली पीक संरक्षणाच्या परवान्यावर घेतली. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, म्हणजे शिकारीचा जमाना तोवर आटोपत आला होता. आजोबांच्या वेळचे किस्से ऐकत वाढलेल्या माणसाच्या हातात बंदूक आली ती शिकार बंद होत आल्यावर. त्याची त्यांना खंत होती की नाही, मी कधी विचारलं नाही. 

बारा बोअर म्हणजे काय हे ते आम्हा भावंडांना कणकेवर शिकवायचे. एक पौंड शिसं घ्यायचं, म्हणजे अर्ध्या किलोला थोडं कमी, त्याच्या सारख्या बारा गोळ्या वळायच्या. त्यातली एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअरची नळी. आई म्हणायची, पोळ्यांची कणीक आहे ती, गोळ्या मोजून झाल्या असतील तर इकडे द्या.

परवाना माझ्या नावावर कसा, हे ओळखीतल्या बायका फार विचारतात. २०१६ च्या शस्त्र नियमांत सोय आहे : परवानाधारकाचं वय ७० झालं किंवा हत्यार त्याच्याकडे २५ वर्षं राहिलं, तर त्याच्या हयातीतच वारसाला परवाना मिळू शकतो. बाबांचं दोन्ही केव्हाच झालं होतं. मी तेव्हा बँकेतून नुकतीच निवृत्त झाले होते. भावानं पुण्याहून ना-हरकत पाठवली, वर फोन करून म्हणाला, "तुले काऊन पाहिजे वं ते लचांड?" पोलीस चौकशी झाली, हत्यार सुरक्षित हाताळण्याचं प्रशिक्षण झालं, चकरा किती झाल्या ते मोजायचं सोडून दिलं. पण झालं.

आता मुद्द्याचं. या बंदुकीत एवढं आवडण्यासारखं काय?

पहिलं म्हणजे ती मोडते. आमच्या घरी या शब्दावरून एकदा गोंधळ झाला होता. शेजारच्या काकू आल्या असता बाबा आतून ओरडले, "बंदूक मोडली का नाही?" आणि काकू हळहळल्या, "अगं बाई, कशानं मोडली?" वरची कळ अंगठ्यानं बाजूला सारली की नळी बिजागरीवर खाली झुकते आणि मागचं भोक उघडं पडतं. त्यात पितळ दिसलं तर भरलेली, पलीकडचा उजेड दिसला तर रिकामी. बस. यात समजायला चुकण्यासारखं काही उरतच नाही. दहा पावलांवर उभ्या माणसालाही कळतं की बाईच्या हातातली बंदूक आत्ता निव्वळ एक दांडका आहे. बांधावरून चालताना, कुंपण ओलांडताना, गाडीत बसताना, कोणाशी बोलताना बंदूक मोडलेलीच असायला हवी, हा बाबांचा एकमेव धडा. नेम कसा धरायचा ते त्यांनी मला तिसऱ्या दिवशी शिकवलं. पहिले दोन दिवस नुसतं मोड, बघ, मिटव, परत मोड.

दुसरं, ती तीन तुकड्यांत निघते. नळीखालचं पुढचं लाकूड ओढून काढलं की नळी बिजागरीतून सुटते, उरतो तो घोडा-चापासकट दस्ता. एका टॉवेलवर तिन्ही तुकडे मावतात. पेचकस लागत नाही. पुसायचं काय, तेल कुठे, गंज कुठे धरतो, सगळं डोळ्यांसमोर. मी आयुष्यभर व्हाउचर तपासलेली बाई. ज्या वस्तूचा हिशेब एका नजरेत लागतो ती मला आवडते.

तिसरं, एकच बार. दुनळीवाले हसतात. आमच्या मामेभावाकडे दुनळी आहे, तो म्हणतो, "ताई, दुसरा बार लागला तर काय करशील?" काय करणार, मोडीन आणि भरीन. पण एकच काडतूस आहे हे माहीत असलं की चापावर बोट जायच्या आधी माणूस तीनदा बघतो. समोर काय, त्याच्या मागे काय, जागल्या, म्हणजे रात्रीचा राखणदार, नेमका कुठे उभा आहे. बाबा तर काडतूस खिशातही ठेवायचे नाहीत, पिशवीत ठेवायचे. तेवढाच वेळ जातो म्हणायचे.

इथे जरा विषयांतर करते, कारण हे फक्त आमच्या जुन्या एकनळीचं कौतुक राहिलं असतं, जर गेल्या वर्षी मुलाकडे म्युनिकला जाणं झालं नसतं. त्याच्या ऑफिसातला एक वयस्कर सहकारी शिकारी आहे. तिकडे शिकार कायदेशीर आहे, पण परवान्याची परीक्षा अशी की मुलगा म्हणाला, आपल्या दहावीपेक्षा अवघड. माझ्याकडे बंदूक आहे हे कळल्यावर त्या गृहस्थांना इतकी गंमत वाटली की ते आम्हाला त्यांच्या नेमबाजीच्या मैदानावर घेऊन गेले. त्यांनी पेटीतून जे काढलं ते पाहून मी हसलेच. एकनळी! फक्त ही रायफल, आमच्यासारखे छर्रे नाही, एकच गोळी मारणारी. तिकडे हिला किपलाउफ म्हणतात, म्हणजे झुकणारी नळी. त्यांची ब्लेझर के ९५ होती. वजन दुर्बिणीशिवाय अडीच किलोच्या आसपास. डोंगरात शाम्वा नावाच्या रानबकऱ्यामागे तासन्तास चढावं लागतं, तेव्हा पाठीवर जितकं कमी तितकं बरं. शिवाय तुकडे करून पाठपिशवीत टाकता येते.

भाषेचा प्रश्न होता, मुलगा दुभाषा. पण त्यांनी रायफल हातात देण्याआधी मोडून मला आरपार उजेड दाखवला, मीही बघून मान हलवली, परत देताना मी मोडून दाखवली. त्यासाठी दुभाष्या लागला नाही.

फरक बारकाव्यांत होता. आमचा घोडा बाहेर, अंगठ्यानं मागे ओढायचा. त्यांच्याकडे घोडा दिसतच नाही. दस्त्याच्या मानेवर एक सरकपट्टी आहे, ती अंगठ्यानं जोर लावून पुढे सारली की आतली कमान ताणली जाते, आणि बार काढायचा नसेल तर पट्टी मागे घेतली की कमान पुन्हा ढिली. म्हणजे रायफल भरलेली असूनही शेवटच्या क्षणापर्यंत निद्रिस्त. काडतुसाच्या नावात शेवटी 'आर' होता, ७ बाय ६५ आर. हा आर म्हणजे बुडाची कड. झुकत्या नळीत रिकामं काडतूस मागे ओढून काढायला पकड लागते, ती या कडेला धरते. आमच्या बारा बोअरच्या काडतुसालाही तशीच पितळी कड आहे. हे मला पन्नास वर्षांत सुचलं नव्हतं की ती कड शोभेची नाही.

आणखी एक गोष्ट त्यांनी समजावली. बोल्टच्या, म्हणजे कडीसारखा दांडा मागेपुढे करून भरायच्या रायफलीत, आपल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्यातल्या ३१५ सारख्या, बोल्ट मागेपुढे करायला नळीच्या मागे जागा सोडावी लागते. झुकत्या नळीला ती जागाच नको. त्यामुळे नळी तेवढीच लांब ठेवूनही बंदूक तळहातभर आखूड होते. अमेरिकेत याच जातीच्या स्वस्त रायफली लोक पोरांना पहिली बंदूक म्हणून द्यायचे. हँडी रायफल नावाची एक फार खपायची, तिचं उत्पादन २०१५ मध्ये बंद पडलं. तिथेच थॉम्पसन सेंटरची झुकत्या नळीची काँटेंडर १९६७ मध्ये आली, मुळात पिस्तूल म्हणून, तिची मौज अशी की दस्ता एकच, नळ्या बदलत राहायच्या. मिक्सरची भांडी बदलावी तशी. 

मी पाच बार काढले. कागदावर कुठे लागले ते लिहीत नाही. एवढं सांगते की छर्ऱ्याच्या बंदुकीची सवय असलेल्या माणसाला रायफलीचा काटेकोरपणा अंगावर येतो. तिथे लपायला जागा नाही.

मग मी परत येऊन रायफल घ्यावी का? नाही. एक तर तशी झुकती रायफल आपल्या बाजारात सहज मिळणारी वस्तू नाही, आपल्याकडे रायफल म्हणजे ईशापूरची बोल्टवाली. आणि माझं वावर आल्प्सवर नाही. रायफलीची गोळी किलोमीटर-दोन किलोमीटर सहज जाते. आमच्या बागेच्या तिन्ही अंगांना दुसऱ्यांच्या बागा, रात्री कोण कुठे जागल करत बसलं असेल सांगता येत नाही. बारा बोअरचा बारीक छर्रा चाळीसएक मीटरनंतर दम सोडायला लागतो. काटोलला माझ्यासाठी हाच गुण आहे.

आता तक्रार. अर्धा तारा बंदुकीनं स्वतः घालवला, एक तारा एका दुकानानं.

दुकान नागपुरातलंच, नाव घेत नाही. परवाना माझ्या नावावर आल्यावर पहिल्यांदा काडतुसं घ्यायला गेले. भाचा सोबत होता, वय बावीस. दुकानदार पूर्ण वेळ त्याच्याशीच बोलत होता. परवाना मी काउंटरवर ठेवला, फोटो माझा, सही माझी, तरी "भाऊ, कितने चाहिए?" मी म्हटलं, अहो, मला हवेत. तर म्हणाला, "हो हो ताई, बसा ना." बसले. बंदूक कोणती, किती जुनी, हे एका शब्दानं न विचारता त्यानं पंचवीसची पेटी काढून दिली, परवान्यावर नोंद केली, शिक्का मारला. मीही वाचलं नाही, चूक माझीही. पेटीवर ७० मिलिमीटर लिहिलं होतं.

बागेत मातीच्या उंच बांधाकडे तोंड करून पहिला बार काढला आणि खांद्याला असा दणका बसला की डोळ्यांत पाणी. बाबांच्या वेळी इतकं कधी लागलं नव्हतं. मला वाटलं, वय. दुसरा काढला. नळी मोडायला गेले तर मोडेचना. मांडीवर घेऊन दाबली तेव्हा कुरकुरत उघडली, आणि काडतूस आत अडकलेलं. खांदा आठवडाभर जांभळा होता. सून म्हणाली, आई, हळद लावू का पोलिसात जाऊ?

तेव्हा कोणीतरी चाचांचं सांगितलं. जुन्या नागपुरात, इतवारीच्या अंगाला, एका बोळीत परवानाधारक दुरुस्तीचं दुकान. बाहेर पाटी इतकी झिजलेली की दोनदा पुढे निघून गेले. वय पंच्याहत्तरच्या पुढे, चष्मा दोरीनं गळ्यात. त्यांनी बंदूक हातात घेताच आधी मोडली, उजेडाकडे धरली, मग मला बसायला सांगितलं. भाच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी रिकामी काडतुसं पुढे ठेवली. त्यांनी एक उचललं, नळीखालचं लाकूड काढलं आणि पोलादावर नखानं एक जागा पुसून भिंग माझ्या हातात दिलं. तिथे बारीक अक्षरात कोरलं होतं : २½.

"अडीच इंच. म्हणजे पासष्टचं घर आहे, बिटिया. ये सत्तर का है."

घर म्हणजे नळीत काडतूस बसायची जागा. मी म्हटलं, पण बसलं तर बरोबर. हीच तर फसगत आहे म्हणाले. काडतुसावर लिहिलेली लांबी उडाल्यानंतरची असते. नव्या काडतुसाचं तोंड आत दुमडलेलं असतं, म्हणून सत्तरचं काडतूस पासष्टच्या घरात आरामात बसतं. बार निघाला की दुमड उलगडते, तिला पसरायला जागा नसते, ती पुढच्या निमुळत्या भागात घुसते आणि छर्ऱ्यांचा रस्ता आवळते. दाब वाढतो. नव्या बंदुकीनं कदाचित सोसला असता. "ही तुझ्या वयाची," ते म्हणाले. मी वय सांगितलं नव्हतं, पण अंदाज फारसा चुकला नाही.

मग त्यांनी जे केलं ते मी स्टुलावर बसून पाहिलं. तेलाचा दिवा लावला, नळीचं मागचं तोंड त्याच्या धुरावर धरलं, पोलादावर काजळी धरली. बंदूक मिटवली, उघडली. ज्या फळीला नळी टेकते तिथे काजळीचा ठसा उमटला होता, पण पूर्ण गोल नाही, खालच्या बाजूला चंद्रकोरीएवढा. वरच्या भागाला नळी टेकतच नव्हती. बिजागरीची पिन पन्नास वर्षांत झिजलेली, वर त्या दोन बारांनी आणखी ढिली केली. कानाजवळ धरून हलवली तर खळखळ ऐकू आली. हा तो बंदुकीचा स्वतःचा अर्धा तारा : पिनेचं पोलाद मऊ निघालं. चांगल्या बनावटीची बंदूक एवढ्या वापरात, खरं तर एवढ्या बेवापरात, ढिली पडायला नको.

बंदूक ठेवून घेताना त्यांनी रीतसर पावती दिली, परवान्यावरचा नंबर तीनदा ताडून पाहिला. तीन आठवडे म्हणाले, पाच लागले. मधल्या काळात दोनदा फोन केला, एकदाही उचलला नाही. पाचव्या आठवड्यात गेले तर बंदूक तयार, आणि पुन्हा दिवा लावून काजळीचा ठसा दाखवला. आता पूर्ण चकती, पौर्णिमेची. जाडसर नवी पिन, नवी कमान, काडतूस मागे ओढणारा आकडाही घासून नीट केलेला. सगळे मिळून २,८०० रुपये. मी तीन हजार दिले तर दोनशे परत केले. दस्त्याला जुनी चीर होती ती मात्र तशीच ठेवली. म्हणाले, "वह बाबा की है, रहने दो." चीर कशी पडली ते त्यांना ठाऊक असायचं कारण नाही. ती मीच पाडली, नवव्या वर्षी, पलंगावरून. 

या सेवेला पाचपैकी पाच, फोन न उचलण्यासह.

पिकासाठी बंदूक किती कामाची, याचं उत्तर मात्र थोडं खजील करणारं आहे. रब्बीत चना हातभर झाला की रानडुकरं येतात, रोही, म्हणजे नीलगायी, तर संत्र्याच्या कोवळ्या कलमांना अंग घासून मोडून टाकतात. त्यांना मारायचं तर वन विभागाची परवानगी लागते, शेतकऱ्याचा परवाना म्हणजे मारायची मुभा नव्हे, हे अजूनही कितीतरी लोकांना माहीत नाही. मी फक्त आवाज काढते, मातीच्या बांधात. पहिल्या वर्षी डुकरं आठवडाभर फिरकली नाहीत. दुसऱ्या वर्षी अर्ध्या तासात परत. तिसऱ्या वर्षी तर बार ऐकून कळप थांबला, बहुतेक हीच ती बाई असं म्हणाला असावा, आणि पुन्हा उकरायला लागला. आमचा जागल्या म्हणतो, "ताई, त्याहिले आता सवय झाली जी." कुंपणाच्या तारेला हलका शॉक देणारी सोलरची झटका मशीन बसवली तेव्हापासून चना घरी येऊन राहिला आहे. पिकासाठीच पैसे घालायचे असतील तर झटका मशीन घ्या, बंदुकीच्या नादी लागू नका. थेट वीज मात्र तारेत सोडू नका. गुन्हा आहेच, आणि त्यात माणसं मरतात.

शिवाय निवडणूक आली की हत्यार जमा करायची नोटीस. २०२४ मध्ये लोकसभा आणि विधानसभा दोन्ही, म्हणजे वर्षात दोनदा ठाण्यात नेऊन दिली, दोनदा आणली. नोव्हेंबरात तूर फुलावर आणि एकनळी मुद्देमालाच्या खोलीत. तिथल्या हवालदारानं घेताना नळी मोडून आत पाहिलं, तेव्हा मला बरं वाटलं. बरेच जण पाहत नाहीत.

तर हे साडेतीन. कोणी नवीन घेत असेल तर एवढं करा : दुकानात पुढचं लाकूड काढून घराची लांबी वाचा, मिटवून कानाशी हलवा, घोडा अर्ध्यावर अडतो की नाही ते बघा. दुकानदार पाहू देत नसेल तर उठून या.

गेल्या हंगामात माझी चार काडतुसं गेली. पासष्टची. उरलेली एकवीस गोदरेजच्या कपाटात वरच्या खणात आहेत, बंदूक खालच्या, आणि दोन्ही किल्ल्या वेगळ्या ठिकाणी. मृग लागायच्या आधी परत टॉवेल अंथरायचा आहे.